मुंजाभाऊच्या गाडीच्या चार टोप्या

आमच्या पेडगावात कुणाच्या घरी पोरगी बघायला पावणे आले, की गाडीचं दार उघडायच्या आत मुंजाभाऊ चाकापाशी उकिडवा बसलेला असतो. पावणे उतरतात, पाय धुतात, पोहे खातात, पोरीला नाव विचारतात. तोवर हा गडी बाहेर चारी चाकं बघून, त्यांना टिचकी मारून, पाचवी स्टेपनीसुद्धा वाकून बघून मोकळा होतो. मग आत येतो आणि निकाल देतो.

माझ्या पुतणीच्या सोयरिकीला असंच झालं. पावणे सेलूचे, कापसाचे व्यापारी, गाडी नवी कोरी. मुंजाभाऊ आत आला, रामराम घातला आणि मुलाच्या बापाला म्हणाला, "पोरगं चांगलं हाय. नाकीडोळी बरं हाय. पर गाडीला ह्या जिलब्या कामून बसवल्या?"

आजकालच्या गाड्यांना ती नक्षीची चाकं असतात, त्यांना तो जिलब्या म्हणतो, असा खुलासा मला करावा लागला. मुंजाभाऊनं वर आणखी ऐकवलं, "कंपनीनं दिलं ते खरं, बाकी समदं सोंग." पावणे समजूतदार होते म्हणून सोयरीक जमली. पण व्याही अजून फोनवर आधी "जिलबीवाले काका बरे आहेत ना?" असं विचारतात. माझी तब्येत मागून विचारतात.

मी फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवतो. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मास्तरच्या भीतीनं. पण टायरमध्ये हात घालून खिळा कुठं घुसलाय हे डोळे मिटून सांगायला शाळा लागत नाही. चाकाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मुंजाभाऊही कुणाचं ऐकत नाही. आमचं घर भिंतीला भिंत लागून आहे आणि दोस्ती टिकली ती अशी, की दोघंही बोलतो आणि दोघंही ऐकत नाही.

त्याच्याकडं एक जुनी पिकअप आहे. पुढं दोन दारांची केबिन, मागं उघडा हौदा. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ती कंपनी आता तसली गाडी काढत नाही आणि मी कुणाची फुकट जाहिरात करत नाही. ऐन जवानीत त्यानं ही गाडी नांदेडहून नवी आणली. तिच्यात भाजीपाला नेला, कापूस नेला, म्हशी नेल्या, बाळंतिणी नेल्या, एकदा तर अख्खं भजनी मंडळ टाळमृदंगासकट नेलं. आता ती फारशी काही नेत नाही. मुंजाभाऊ तिला पुसतो आणि ती उभी असते.

गावातली कुत्री कुणाच्याही चाकापाशी तंगडी वर करतात. मुंजाभाऊची गाडी दिसली की तंगडी खाली ठेवून पुढं जातात. इतका त्यानं त्यांना धाक घातलाय.

आता चाकाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टायर ज्या लोखंडी चकतीवर बसतो तिला आम्ही डिस्क म्हणतो. मुंजाभाऊच्या म्हणण्याप्रमाणं, त्या काळी गाडी घेताना गिऱ्हाइकाला विचारायचे, चाकं कोणती देऊ. तीन तऱ्हा होत्या. एक काळी डिस्क, ती सरकारी खात्यांसाठी. दुसरी सायीच्या रंगाची, साधी. आणि तिसरी तीच सायीच्या रंगाची, पण मधोमध आरशासारखी चकचकीत टोपी बसवलेली. तिला दाम जरा जास्त. ह्या तीन तऱ्हा त्यानं मला इतक्यांदा सांगितल्यात की माझी नातवंडं त्या पाढ्यासारख्या म्हणतात.

"माझी गाडी टोपीवाली," तो छाती काढून सांगायचा.

"मंग टोप्या कुठं हायत?"

"पाथरीच्या रस्त्यानं खाल्ल्या."

त्याचं म्हणणं असं, की गाडी घेतली त्याच वर्षी पाथरीच्या रस्त्यावर एकेका खड्ड्यात एकेक टोपी उडाली. मी पेडगावात राहायला आलो आणि फाट्यावर दुकान टाकलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणून मी त्या टोप्या पाहिल्या नव्हत्या. पण खड्डे मी पाहिले. आम्ही एसटीनं पाथरीला निघालो की तो खिडकीतून बोट दाखवायचा, "ही डाव्या मागच्याची जागा. ही उजव्या पुढच्याची." पुढं रस्ता नवा झाला, खड्डे बुजले, तरी त्याचं बोट काही थांबलं नाही. "आता वरून डांबर टाकलं, पर खाली टोपी हाय," असं शेजारच्या पाशिंजराला सांगायचा. तो पाशिंजर उठून दुसरीकडं बसायचा.

पंधरा-वीस वर्षं झाली असतील, मुंजाभाऊनं टोप्या हुडकायला सुरुवात केली. दुसऱ्या कंपनीची टोपी चालणार नाही, नवी बनवून घेतलेली चालणार नाही. त्याच कारखान्याची, त्याच मापाची, मधी तोच शिक्का उमटवलेली पाहिजे.

पहिली परभणीच्या एका भंगारवाल्याकडं मिळाली. त्यासाठी हा तीन दिवस भंगारात बसला. पहिल्या दिवशी भंगारवाल्यानं चहा पाजला, दुसऱ्या दिवशी पाणी पाजलं, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चाचा, तुमचं घर-दार हाय का न्हाई?" दुसरी आणि तिसरी सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात सापडली. तिथं अशीच एक पिकअप उभी होती आणि तिच्या हौद्यातून लिंबाचं झाड वर आलं होतं. मालक म्हणाला, झाडासकट न्या. हा म्हणाला, झाड राहू द्या, दोन टोप्या द्या.

चौथी मात्र लय छळून गेली. आठ वर्षं तिचा पत्ता नव्हता. आणि मिळाली कुठं, तर आमच्याच शिवारात. एका शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे वस्तीवर, मुंजाभाऊ पाणी प्यायला थांबला आणि बघतो तर कोंबड्या ज्यातून पाणी पितायत ती टोपी. तो तिथंच उकिडवा बसला. घरची बाई घाबरली. तिला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. त्यानं गावात येऊन नवं कोरं स्टीलचं घमेलं घेतलं, ते कोंबड्यांपुढं ठेवलं, आणि टोपी धोतरात गुंडाळून आणली. ती बाई म्हणाली, "दाजी, एवढ्या मोठ्या घमेल्यात माझ्या कोंबड्या बुडतील की." हा म्हणाला, "काठावरून पाजा."

टोप्या बसवायला तो माझ्याकडं आला. टोपी बसते ती डिस्कवर तीन ठिकाणी टेंगळं असतात त्यांच्यावर. मी चाकं पुसून बघितली तर टेंगळं नाहीत. सपाट.

"मुंजाभाऊ, तुझ्या डिस्कला टेंगळंच न्हाईत."

"झिजली."

"लोखंडाची टेंगळं झिजतात व्हय?"

"आपली न्हाई का झिजली हाडं. तू वेल्डिंग मार."

मी वेल्डिंग मारून बारा टेंगळं उभी केली आणि टोप्या ठोकून बसवल्या. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. चाकात माझी जिंदगी गेली, मला कुणी चाकात फसवलं नव्हतं. पण मुंजाभाऊ खोटं बोलेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याची बायको कौसावैनी. तिच्या तोंडाला गाव वचकून असतं. टोप्या बसल्या त्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "भावजी, ह्यांना सांगा, लग्नात बी माझ्याकडं न्हाई बगितलं. माझ्या बापाच्या बैलगाडीच्या चाकांच्या धावा बगत व्हते. आता ह्या टोप्यांना पाणी घाला म्हणावं, अजून चार उगवतील."

मुंजाभाऊ टोपी फडक्यानं पुसत बसला.

एवढं झालं आणि परभणीहून बातमी आली. तिथल्या काही हौशी लोकांनी जुन्या गाड्यांचा मेळावा ठेवला होता. कारखान्यातून जशी निघाली तशीच जी गाडी असेल तिला ढाल मिळणार होती. मुंजाभाऊनं हे माझ्या दुकानात बसून ऐकलं. पाच-पंचवीस माणसं होती. तो उठला आणि म्हणाला, "ढाल पेडगावात येणार. फाट्यावर, ह्या दुकानाच्या भिंतीवर लागणार. मिस्तरी, खिळा ठोकून ठेव."

मी काही त्याच्या हुकमाचा ताबेदार नाही. पण खिळा ठोकला.

आठ दिवस त्याला झोप नव्हती. वीस वर्षं ज्याला गाव वेडा म्हणत आलं, त्याला परभणीचे शिकलेले लोक आता पाटीवर लिहून देणार होते, की हा माणूस खरा. दुसरं त्याला काही नको होतं. शेत पोरांच्या नावावर करून टाकलं, पोरं पुण्याला. जे काही इज्जत म्हणून उरलं होतं ते त्या चार चाकांवर उभं होतं.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. केबिनमध्ये तो, मधी वैनी आणि खिडकीला मी. वैनीच्या मांडीवर दशम्यांची पिशवी. तिला गाडीपेक्षा परभणीचा बाजार बघायचा होता. "ढाल घ्या, तवा घ्या, मला संध्याकाळच्या आत घरी सोडा," असं तिनं निघतानाच सांगितलं.

मैदानात पंधरा-वीस गाड्या उभ्या. मुंजाभाऊनं उतरल्या उतरल्या सगळ्या चाकांची पाहणी केली आणि माझ्या कानात म्हणाला, "समदं सोंग हाय. ह्या काळ्या जीपच्या डिस्का ट्रॅक्टरवाल्याकडून रंगवल्यात." त्याचा चेहरा नवरदेवासारखा झाला होता.

परीक्षक पुण्याचे होते. चष्मा, हातात बॅटरी, काखेत कागद. ते आमच्या गाडीपाशी आले आणि चाकापाशी उकिडवे बसले. मुंजाभाऊ त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. मी उभ्या जन्मात त्याला दुसऱ्या कुणाच्या शेजारी इतका सुखानं बसलेला बघितला नाही. दोघं चाकाकडं बघत होते.

"रंग कारखान्याचा दिसतो," परीक्षक म्हणाले.

"सायीचा," मुंजाभाऊ म्हणाला.

"डिस्क पण मूळच्या. तारखेचा शिक्का आहे."

"असणारच."

"टोप्या सुंदर आहेत. चारी एका मापाच्या. कुठं मिळतात हल्ली? काका, गाडीसोबतचं पुस्तक आहे का?"

मुंजाभाऊ ह्याच सवालाची वाट बघत होता. त्यानं केबिनमधून लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक काढलं. गाडी घेतली त्या दिवशी शोरूमवाल्यानं दिलेलं ते पुस्तक. दर दसऱ्याला हा त्याची पूजा करतो. हळद-कुंकवानं वरचं पान पार रंगून गेलंय. पण ते इंग्रजीत. त्याला ते वाचता येत नाही, मलाही नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात त्यानं ते कधी दिलं नाही, विटाळ होईल म्हणून. वैनीनं तर त्याला "गाडीची पोथी" असं नाव ठेवलं होतं.

परीक्षकांनी अदबीनं पानं उलटली. शेवटच्या पानावर बॅटरी धरली. एकदा चाकाकडं बघितलं, एकदा पानाकडं.

"काका, इथं चाकांपुढं खूण केलेली आहे. साधी चाकं. टोपीशिवाय."

मी म्हणालो, "नीट बगा साहेब. टोपीवालीच हाय. पाथरीच्या रस्त्यानं उडाल्या व्हत्या."

"नाही हो. शोरूमचा शिक्का आहे, खाली काकांचा अंगठा पण आहे."

मी मुंजाभाऊकडं बघितलं. त्याला नवल वाटलेलं नव्हतं. चेहऱ्यावरून एवढंच दिसत होतं, की हे त्या पुस्तकात लिहिलेलं असेल हे त्याला माहीत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात बारा टेंगळं उठली. झिजली नव्हती. नव्हतीच.

परीक्षक भला माणूस. म्हणाले, "अहो, काही बिघडलं नाही. बाकी गाडी एक नंबर आहे, अशी मी दुसरी बघितली नाही. टोप्या तेवढ्या काढा. पाच मिनिटांचं काम. कारखान्यातून निघाली तशी होईल, आणि ढाल तुमची. मी तोवर तिकडची स्कूटर बघून येतो."

मी तर पाना घेऊन खालीही बसलो. टोप्या मी बसवल्या होत्या, मीच काढणार. खिळा ठोकून तयार होता.

"मिस्तरी, हात लावू नको."

"कामून? निघतात की पटकन."

"न्हाई काढायच्या."

"आरं, ढाल जायलीय मुंजाभाऊ. समद्या फाट्याला सांगून आलायस. कंपनीनं दिलं ते खरं, हे कोण म्हणतं? मी का? आणि कंपनीनं तर टोप्या दिल्याच न्हाईत."

"न्हाई दिल्या. म्या न्हाई घेतल्या."

"म्हणजे पाथरीच्या रस्त्याला इतकी वर्षं तू खामखा बदनाम केलंस."

"केलं."

आता वैनी केबिनमधून उतरली. "अवो, काढा की," ती म्हणाली. "एवढी हौस त्या ढालीची. आठ दिस रातचं उठून बसायलाव. चार वाट्यांसाठी कामून अडायलाव?"

मुंजाभाऊ तिच्याकडं बघत नव्हता. परीक्षक अजून जागचे हलले नव्हते, त्यांना तो सांगायला लागला, जसं काही ती तिथं नाहीच.

"साहेब, गाडी घेतली तवा हिच्या पाटल्या मोडल्या. हिनं सोता काढून दिल्या, म्या मागितल्या न्हाईत. नांदेडला शोरूममदी शोरूमवाल्यानं इचारलं, चाकं कोणती देऊ. ही माझ्या मागं उभी व्हती. म्हणली, त्या टोपीवाली घ्या, लय ग्वाड दिसतात. म्या म्हणलो, चिखलात चालायची गाडी, तिला चमकी कशाला. मंग ही काही बोलली न्हाई. पाटल्या दिल्या आणि एवढीच एक गोष्ट मागितली. पुन्हा आजतागायत काही मागितलं न्हाई." तो थांबला. "आता ह्या कंपनीच्या असू दे न्हाईतर नसू दे. लावल्या त्या लावल्या."

वैनीचं तोंड उघडंच राहिलं. तिचं तोंड उघडं आहे आणि आवाज येत नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं.

"म्या मागितल्या व्हत्या?" ती म्हणाली. "कवा?"

"तवाच. नांदेडला."

"मला तर आठवत बी न्हाई."

मुंजाभाऊनं मान हलवली. त्याला ह्याचाही फारसा राग आला नाही. "तुला कशाला आठवंल," तो म्हणाला. "तू मागितल्या. न्हाई मी म्हणलो."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग कागदावर काहीतरी लिहिलं, चाकं बदललेली असं असावं, आणि मुंजाभाऊला वाकून नमस्कार करून पुढं गेले. ढाल मानवतच्या एका स्कूटरला मिळाली. दोन चाकांची वस्तू, त्यातही चाकं एवढी एवढीशी. मला आजही ते पटलेलं नाही. मी तिथं मोठ्यानं तसं बोललोही, पण टाळ्यांत कुणी ऐकलं नाही.

परत निघताना मी म्हणालो, केबिनमध्ये लय उकडायलंय, मी मागं हौद्यात बसतो. हिवाळ्याचे दिवस होते. कुणी मला अडवलं नाही.

परभणी मागं पडली. केबिनच्या मागच्या काचेतून मला दोघांची डोकी दिसत होती. वैनी माझ्या जागी खिडकीला बसली होती, मधली जागा रिकामी होती. वैनी गप्प आहे म्हणून मला काळजी वाटायला लागली. अर्ध्या वाटेत गाडी कडेला थांबली. मला वाटलं हवा गेली. मी उतरणार तोच वैनी उतरली.

ती पुढच्या चाकापाशी गेली. उभी राहून बघितलं, मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसली. टोपीत तिचा चेहरा भोपळ्यासारखा पसरट दिसत असणार, कारण ती एकटीच हसली. मग मागच्या चाकापाशी आली. मग पलीकडं गेली. मला दिसत नव्हती, पण लुगड्याच्या पदरानं काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. मुंजाभाऊ स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत होता, जसा फाटकापुढं थांबलेला डायव्हर बघतो. इंजिन चालूच.

चारी चाकं झाली तेव्हा ती माझ्यापाशी आली आणि हौद्याच्या फळीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "भावजी, बऱ्या दिसतात, न्हाई?"

"लय ग्वाड," मी म्हणालो.

ती केबिनमध्ये चढली. ह्या वेळी ती खिडकीकडं बसली नाही, मधी सरकली. दशम्यांची पिशवी सुटल्याचं मला काचेतून दिसलं. एक दशमी ठेच्यासकट मागच्या काचेच्या फटीतून माझ्याकडं आली. दुसरी तिनं मुंजाभाऊच्या हातात दिली. तो एका हातानं खात, एका हातानं चालवत निघाला.

त्या दिवशी पेडगाव लय लांब गेलं. एक मोटारसायकल आम्हाला मागं टाकून गेली, मग रिक्षा गेली, मग दुधाचे कॅन बांधलेला एक सायकलवाला गेला आणि जाताना वळून बघून गेला. मला उशिराचा तिटकारा आहे, सगळ्या फाट्याला ठाऊक आहे. केबिनच्या टपावर थाप मारून "हाण की गड्या" म्हणायला मी हात वर केला. मग तो खाली घेतला आणि राहिलेली दशमी खाल्ली.